सव्वा व्होल्टची हद्द

आमच्या फुलपाड्यात व्होल्टेजचा विषय निघाला की आठवतो तो मे महिन्यात मंदावलेला पंखा आणि पहिल्या पावसात गेलेली लाइट. महावितरणच्या २३० व्होल्टला वरखाली सहा टक्क्यांची मुभा असते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. त्यापलीकडे गेले तर तक्रार करता येते, स्टॅबिलायझर लावता येतो. पण इथल्याच एखाद्या खोलीत गेमिंगसाठी किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी जोडून घेतलेला पीसी असतो आणि त्याच्या प्रोसेसरला लागते जेमतेम सव्वा व्होल्ट. तिथे स्टॅबिलायझरचा काही उपयोग नाही. एसएमपीएस २३० चे १२ व्होल्ट करतो, त्यात पाच टक्के इकडेतिकडे चालतात. त्या बाराचे सव्वा मदरबोर्डवरचे सर्किट करते आणि नेमके किती करायचे हे बायोस आणि प्रोसेसर मिळून ठरवतात. घरातली लाइट कितीही नाचली तरी हा आकडा सहसा हलत नाही. तो हलतो माणसाने हलवला तर, किंवा कंपनीने आधीच हलवून ठेवला असेल तर. यातली दुसरी शक्यता फारशी कोणी लक्षात घेत नव्हते.

प्रोसेसरला ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर बसची गती ६६ वरून १०० वर नेली की अनेकदा ४५० वर सुखाने चालत असे. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट्स आणून घरी पीसी जोडणाऱ्या पिढीला ती फुकटातली चैन वाटली, आणि खरोखर ती जवळपास फुकटच होती. पुढे वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागू लागले आणि तिथून हिशेब बिघडला. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२ चे १.४ व्होल्ट केले तर एवढ्यानेच उष्णता ३६ टक्के चढते. त्यातून वेग ५ गिगाहर्ट्झवरून ५.४ वर गेला, तर आठ टक्के वेगासाठी एकूण ४७ टक्के जास्त उष्णता.

उष्णता निदान दिसते तरी. पंखा ओरडतो, तापमान शंभर अंशांच्या जवळ गेले की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. व्होल्टेजची झीज मात्र दिसत नाही. दीडशे वॉट खाणारा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालतो तेव्हा त्यातून सव्वाशे अँपिअर वाहत असतात. सर्वसाधारण फ्लॅटचा मेन स्विच एवढा प्रवाह सोसणार नाही. हे सव्वाशे अँपिअर केसाहून कितीतरी बारीक तारांच्या जाळ्यातून जातात आणि इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने धातूचे अणू जागचे सरकतात. मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात याचे गणित मांडले: प्रवाहाची घनता दुप्पट झाली तर तारेचे आयुष्य चौथाईवर येते, आणि तापमान वाढले तर त्याहून वेगाने घटते. दुसरी झीज ट्रान्झिस्टरच्या आत होते. तिथला विद्युतरोधक थर इंटेलच्या ६५ नॅनोमीटर पिढीतच १.२ नॅनोमीटरवर आला होता, म्हणजे मोजके चार-पाच अणू. इतक्या पातळ थरावर व्होल्टचा दहावा भागही जड पडतो.

म्हणून ‘किती व्होल्ट सुरक्षित?’ या प्रश्नाला कायमचे एक उत्तर नाही. वर उल्लेखलेल्या सेलेरॉनचे अधिकृत व्होल्टेजच २ होते. चार वर्षांनी आलेल्या पेंटियम ४ च्या नॉर्थवूड आवृत्तीचे अधिकृत व्होल्टेज दीडच्या आसपास, आणि १.७ वर चालवलेले नॉर्थवूड काही आठवड्या-महिन्यांत अचानक मरू लागले. जुन्या चिपचा आकडा नव्या चिपला लावणाऱ्यांना तेव्हा चांगलीच किंमत मोजावी लागली. आकडा नेहमी त्या पिढीचा, त्या तापमानाचा आणि त्या कामाचा असतो. गेम सुरू होताना क्षणभर १.४ व्होल्ट लागणे वेगळे आणि रात्रभर व्हिडिओ रेंडर करताना सगळ्या कोअरना १.४ देणे वेगळे.

मोजण्यातही एक गोम आहे. भार वाढला की प्रोसेसरचे व्होल्टेज थोडे खाली येते. ती रचनेतच ठेवलेली मोकळीक असते. ही घसरण नको म्हणून बायोसमध्ये ‘लोडलाइन कॅलिब्रेशन’ कमाल पातळीवर ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा स्थिर दिसतो, पण भार एकदम उतरला की काही मायक्रोसेकंदांसाठी व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळते. ती उसळी कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही; त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो.

इथवर जबाबदारी हौशी माणसाची होती. गेल्या काही वर्षांत चित्र बदलले. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरचे काही नग सॉकेटसकट जळाले. मालकांनी पुष्कळदा एवढेच केले होते की रॅमचा वेग वाढवणारी ‘एक्स्पो’ ही तयार सोय चालू केली होती. त्या एका टिचकीसरशी काही मदरबोर्ड प्रोसेसरमधल्या ‘एसओसी’ या भागाचे व्होल्टेजही आपणहून चढवत होते. एएमडीला बायोसमधूनच त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली.

पाठोपाठ इंटेलची पाळी आली, आणि हे प्रकरण अधिक गंभीर. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः आय९, काही महिने नीट चालून मग गेममध्ये कोसळू लागले. इंटेलने २०२४ च्या जुलैत मान्य केले की मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्रामच, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरात सविस्तर कारण आले: जास्त व्होल्टेज आणि तापमानात कोअरमधले घड्याळाचे सर्किट अकाली जीर्ण होत होते. काही मदरबोर्ड इंटेलच्या शिफारशींपेक्षा जास्त वीज सोडत होते, हेही त्यात होते. सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे, प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतानाही वाढीव व्होल्टेज मागितले जात होते. ज्याने आयुष्यात कधी बायोस उघडले नाही, त्याचाही प्रोसेसर झिजत होता. ऑगस्टच्या मायक्रोकोडने मागणीला १.५५ व्होल्टची कमाल हद्द घातली, सप्टेंबरच्याने आणखी भोके बुजवली, आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र कोणताही अपडेट भरून काढत नाही. शिवाय १.५५ हे छत आहे; रोज तिथे राहायचे नसते. अनुभवी मंडळी सगळ्या कोअरवर भार असताना सव्वा ते १.३ व्होल्टच्या पुढे जात नाहीत.

आमच्या मते इथे दोष हौसेचा कमी आणि शर्यतीचा जास्त. एकाच प्रोसेसरचे दहा मदरबोर्ड बाजारात असतात, आणि चाचण्यांच्या तक्त्यात दोन टक्के वर दिसण्यासाठी मर्यादा मुळातूनच सैल ठेवून बोर्ड विकले गेले. ग्राहकाने स्वतः ओव्हरक्लॉक केले तर वॉरंटी धोक्यात येते, हा नियम दोन्ही कंपन्यांचा आहे आणि तो रास्तही आहे. मग बोर्डाने न विचारता केलेल्या ओव्हरक्लॉकिंगचा भुर्दंड ग्राहकाच्या माथी का? प्रत्येक प्रोसेसरची दीर्घकाळ चालणारी व्होल्टेजची हद्द खोक्यावर छापावी, आणि बोर्डाने ती पाळूनच कारखान्याबाहेर पडावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

पीसी जोडून देणाऱ्या दुकानदारांनीही थोडे शिकून घ्यावे. झिजलेल्या इंटेल प्रोसेसरवर गेम सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येई. बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा काहीच दोष नसे. अशा वेळी आधी रॅम, मग कार्ड, मग विंडोज बदलत बसण्यापेक्षा बायोसची आवृत्ती पाहणे स्वस्त पडते. खोकाबंद प्रोसेसरची वॉरंटी कंपनीकडे मागता येते. सुट्या ‘ट्रे’ प्रोसेसरसाठी मात्र विकणाऱ्याच्याच दारात जावे लागते. तेव्हा बिलावर कोणता माल आहे ते स्पष्ट लिहून घ्यावे.

फुलपाड्यासारख्या ठिकाणी आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. परदेशी चाचण्या विशी-बाविशीच्या तापमानात होतात. इथे उन्हाळ्यात खोलीच ३५ अंशांवर असते आणि साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तिथला सुरक्षित आकडा इथे थोडा खाली ओढावाच लागतो. खरे तर व्होल्टेज पाच शतांश कमी करून वेग आहे तोच ठेवणे, हाच इथला शहाणा ओव्हरक्लॉक. दुसरी गोष्ट विजेची. नवा मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो, आणि अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर बोर्डच सुरू होत नाही. पावसाळ्यात हे काम यूपीएसशिवाय करू नये. यूपीएस नसेल तर ते दुकानात करून घ्यावे, आणि नवा बोर्ड घेताना बिघडलेले बायोस पेनड्राइव्हवरून पुन्हा चढवता येईल, असाच निवडावा.