त्यागाचं कौतुक पुरे!

२०२० साली कॅनडाच्या टपाल खात्याने मेरी रायटर हॅमिल्टन या चित्रकर्तीच्या एका चित्राचं तिकीट काढलं. त्याच वर्षी तिचं चरित्रही प्रसिद्ध झालं. पहिल्या महायुद्धाची रणभूमी रंगवणारी धाडसी स्त्री, देशासाठी सर्वस्व वाहणारी विधवा, असा तिचा गौरव होतो आहे. तिची आठवण निघाली हे चांगलंच झालं. माझी तक्रार आहे ती या गौरवाच्या भाषेबद्दल. मैत्रिणींनो, ही भाषा आपल्याही पोस्टरवर आणि ८ मार्चच्या भाषणांत सर्रास येते, म्हणून तिच्याकडे जरा रोखून पाहायला हवं.

आधी घडलं काय ते पाहू. १९१६ साली लॉर्ड बीव्हरब्रुकने कॅनडाच्या युद्धाची चित्रं काढून घेण्यासाठी एक निधी उभारला. ए. वाय. जॅक्सन, फ्रेड व्हार्ली अशा पुरुष चित्रकारांना त्यातून अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला, पगार मिळाला, युरोपात जायला मिळालं. स्त्रियांनाही कामं मिळाली, पण घरच्या आघाडीवरची. मेबल मे यांनी तोफगोळे बनवणाऱ्या कामगार स्त्रिया रंगवल्या, फ्लॉरेन्स वाइल आणि फ्रान्सिस लॉरिंग यांनी अशाच स्त्रियांचे पुतळे घडवले. ही कामं मोलाची आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. पण रणभूमीवर एकाही स्त्रीला पाठवलं नाही. हॅमिल्टनबाईंनी युद्ध चालू असतानाच जाण्याची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेली. बर्लिन-पॅरिसमध्ये शिकलेली, पॅरिसच्या सलॉनमध्ये चित्रं लागलेली, पन्नाशीला आलेली ही बाई होती. तेव्हा पात्रतेचा प्रश्नच नव्हता.

शेवटी तिला पाठवलं ते सरकारने नव्हे, तर युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या ब्रिटिश कोलंबियातल्या एका संघटनेने. त्यांना आपल्या मासिकासाठी चित्रं हवी होती. १९१९च्या वसंतात ती फ्रान्समध्ये विमीला पोचली. युद्ध थांबलं होतं, पण जमिनीत न फुटलेले गोळे होते, प्रेतं होती. पत्र्याच्या झोपडीत राहून, अपुरं खाऊन, थंडीपावसात तिने विमी, सोम आणि ईप्रच्या परिसरात तीनशेहून अधिक चित्रं केली. कॅनव्हास, प्लायवुड, पुठ्ठा, कागद, जे हाताशी असेल त्यावर. जवळपास चिनी मजुरांच्या छावण्या होत्या. रणभूमी साफ करण्याचं घाणेरडं काम त्यांच्याकडे दिलं होतं. (त्या मजुरांची आठवण तरी कोण काढतं?)

तिची चित्रं पाहण्यासारखी आहेत ती त्यांत काय नाही म्हणून. चढाई नाही, झेंडा नाही, घोड्यावरचा सेनापती नाही. तिकिटावर आलेल्या सोमच्या खंदकांच्या चित्रात पांढरी चुनखडीची जमीन चिरलेली दिसते आणि काठाला लाल पॉपी उगवलेल्या. दुसऱ्या एका चित्रात विमीच्या टेकडीवर एकटंच थडगं. आणखी एकात ईप्रच्या पडक्या इमारतींसमोर पुन्हा भरलेला बाजार. पुरुष युद्ध संपवून निघून गेले की मागे जमीन उरते आणि त्या जमिनीवर पुन्हा चूल मांडणारी माणसं उरतात. अधिकृत चित्रकार बहुतेक परतले होते, तेव्हा ही बाई ते उरलेलं पाहत बसली होती. निसर्गचित्र म्हणजे बायकांचा फावल्या वेळेचा छंद, असं समजणाऱ्यांनी ही जमीन एकदा पाहावी.

फ्रान्सने १९२२ साली तिला सन्मानचिन्ह दिलं, पॅरिसच्या ऑपेरा हाउसमध्ये चित्रांचं प्रदर्शनही झालं. तब्येत मात्र कायमची खचली होती. तरी तिने रणभूमीची चित्रं विकायला नकार दिला आणि १९२६ साली २२७ चित्रं कॅनडाच्या सरकारी अभिलेखागाराला देऊन टाकली. पुढची वर्षं व्हँकुव्हरकडे गरिबीत, आजारपणात गेली. १९५४ साली ती वारली.

आता यातला ‘त्याग’ कुठून सुरू झाला ते पाहा. ज्या कामासाठी पुरुषांना हुद्दा आणि पगार मिळाला, तेच काम तिने हुद्द्याशिवाय, पगाराशिवाय केलं. पुरुषाने केलं तर ती नोकरी, बाईने केलं तर ती भक्ती! सरकारचा खर्च वाचला, वर २२७ चित्रं फुकट मिळाली, आणि शंभर वर्षांनी तिकीट काढून कृतज्ञही दिसता आलं.

कुणी म्हणेल, ती स्वखुशीने गेली, चित्रं विकायची नाहीत हेही तिनेच ठरवलं. बरोबर आहे, तो तिचा निर्णय होता आणि मला त्याचा आदर आहे. पण निर्णय तिचा होता म्हणून नकार देणारे सुटत नाहीत. विकायचं की द्यायचं, हे तिने ठरवलं. पगार घेऊन जायचं की फुकट, हे तिला ठरवू दिलंच नव्हतं. हा फरक आपल्याला नवा नाही. अंगणवाडी सेविकेच्या कामाला ‘सेवा’ म्हणायचं आणि पगाराला ‘मानधन’, मग संपावर गेली की तिलाच मुलांची माया शिकवायची, हे मी कामानिमित्त वर्षानुवर्षं पाहते आहे.

तेव्हा आपल्या गटांनी स्त्री-कलावंतांची पोस्टर-मालिका केली, तर त्यात हॅमिल्टनबाई जरूर असाव्यात. मात्र चित्राखाली ‘थोर त्यागमूर्ती’ असं लिहू नका. परवानगी कुणी नाकारली, त्याच कामाचा पगार कुणाला मिळाला आणि २२७ चित्रांचे किती पैसे दिले गेले, हे लिहा. तिसऱ्या ओळीत शून्य येईल, ते ठळक छापा.