इंजिनाने एअर घेतली म्हणजे



शेतीच्या सदरात मुंबईची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण इंजीन परळचे असो की फलटणचे, टाकी कोरडी पडली की दोन्ही सारखीच रुसतात.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीकडे मुक्कामास होतो. हिंदमाताच्या अंगाला एका जुन्या चाळीत तळमजल्यावर तिचे बिऱ्हाड आहे. तिचे सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, खोली तेवढी राहिली. हा भाग बशीसारखा खोलगट. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एका वेळी आली की पाण्याला वाट राहत नाही. महापालिकेने अलीकडे पाणी साठवायला जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत, पण या चाळीचे अंगण रस्त्याहूनही खाली.

त्या सकाळी पाणी उंबऱ्याला लागले. चाळकऱ्यांनी वर्गणी काढून डिझेलवरचा पंप भाड्याने आणला होता. तो तासभर चालला, आचके देऊ लागला आणि बंद पडला. पंपावरचा पोरगा संगमेश्वरकडचा. हँडल मारून मारून घामाघूम झाला. बहिणीच्या पलंगाखाली आमच्याच शेतातल्या ज्वारीची दोन पोती होती. ती म्हणाली, "दादा, एवढी गावोगाव इंजिनं बघतोस, बघ की जरा!"

"डिझेल संपलं होतं का रे?"

"संपलं नाय काका. एकदा तळाला गेलेलं, मी लगेच ओतलं."

दुखणे तिथेच कळले. त्यातून इंजीन विटांवर तिरके ठेवलेले. टाकीत दिसायला डिझेल होते, पण ते तोटीच्या उलट्या बाजूला.

सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा रेटून पाहा. आतली हवा दबते आणि हात सोडला की दांडा परत मागे येतो. डिझेल तसे दबत नाही, म्हणून तर काम होते. नोझल उघडायला दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोनशे किलोच्या घरात दाब लागतो. ट्रॅक्टरच्या चाकात तो दोन किलोच्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. नळीत हवा असली की फ्युएल पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो. नोझल उघडत नाही, फवारा पडत नाही. मग पैलवान आणून हँडल मारले तरी व्यर्थ.

हवा काढायची ती टाकीकडून नोझलकडे, याच क्रमाने. मधूनच सुरुवात केली तर मागची हवा पुन्हा पुढे येते. आधी टाकी चांगली भरली, इंजीन सरळ केले, तोटी उघडली. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल केला. फेसाळ, बुडबुड्यांचे डिझेल येऊ लागले. ते येऊ द्यावे. स्वच्छ, सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. धार थांबल्यावर आवळला तर तेवढी हवा आत राहते. मग हेच फ्युएल पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नोझलजवळचा नट एक आटा सैल करायचा, इंजीन बंद करण्याचा दांडा चालू बाजूला आहे ना ते पाहायचे, डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा आणि हँडल सावकाश फिरवायचे. आधी फुसफुस, मग थेंब, मग प्रत्येक फेऱ्याला डिझेलची उसळी. उसळी आली की नट आवळा. पुन्हा हँडल फिरवले की नोझल 'कर्र कर्र' बोलते. ते बोलले म्हणजे काम झाले.

हे चालले असता पोरगा चिंधी घेऊन पुढे आला. ते गिरणीचे सुती वेस्ट होते. त्याचा एक धागा आत गेला तर नोझल बिघडते. धागे न सुटणारे धुवट फडके घ्यावे. मग त्याने, फवारा येतो का पाहायला, बोट नळीजवळ नेले. मी त्याचा हात झटकला. जरा जोरातच बसला असावा, पण त्याची मला खंत नाही. त्या दाबाचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरून बोट कापण्याची पाळी येते. असे कोणाला झाले तर हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या आणि डिझेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

तिसऱ्या हँडलला इंजीन लागले. पोरगा हसला, पण पाईपातून पाणी येईना! आता पंपाने पाणी सोडले होते. आपल्याकडेही या दोन गोष्टींची गल्लत होते. इंजिनाची हवा वेगळी, पंपाची वेगळी. इंजीन बंद करून पंपात पाणी भरले, सक्शन पाईपचा सांधा चिखलाने लिंपला आणि मग धार लागली.

एअर एकदा काढल्यावर पुन्हा पुन्हा येत असेल तर सांध्यांवरच्या तांब्याच्या वायसरी बदला. टाकीच्या झाकणाचे बारीक भोकही पाहा. ते बुजले तरी डिझेल उतरत नाही आणि माणूस उगाच हवा काढत बसतो. टाकी वर असलेल्या इंजिनात गळणारा सांधा ओला दिसतो. ट्रॅक्टरचे तसे नाही. तिथे फीड पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे टाकी ते फीड पंप या नळीचा सांधा वरून कोरडा असूनही हवा ओढत असतो. तिथे बोटाने चाचपू नका, सांधा पान्याने आवळून पाहा आणि फीड पंपावरचा हातपंप मारून हवा काढा.

दुपारी ओहोटी लागली आणि अंगण मोकळे झाले. पलंगाखालच्या दोन पोत्यांपैकी एकाचा तळ भिजला होता. ती ज्वारी बहिणीने जिन्यावर, गॅलरीत, शेजारणीच्या पलंगावर, जागा मिळेल तिथे पसरली.