टीईटीची मुदत, जनगणनेची ड्यूटी आणि आपले उर्दू शिक्षक

जत तालुक्यातल्या उर्दू शाळांचे शिक्षक हल्ली कुठेही भेटले, लग्नात असोत वा जुम्याच्या नमाजनंतर, बोलणे दोनच गोष्टींवर येते. एक, टीईटी. दुसरी, पुढची ड्यूटी कसली. गेल्या 23 नोव्हेंबरला टीईटी झाली आणि 2 डिसेंबरला राज्यातील बहुतेक नगरपरिषदा-नगरपंचायतींचे मतदान. कित्येकांनी एकाच पंधरवड्यात बालमानसशास्त्राचे प्रश्नही सोडवले आणि मतदान यंत्राचे प्रशिक्षणही घेतले. फेब्रुवारीत जिल्हा परिषद, पंचायत समितीची निवडणूक आटोपली. आता जनगणना दारात उभी आहे.

या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटतात, पण त्या एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी येत आहेत. शिवाय आपल्या समाजात त्याबद्दल एक मोठा गैरसमज पसरला आहे. तो वेळीच दूर झाला नाही तर नुकसान आपल्याच शिक्षकांचे आणि आपल्याच मुलांचे आहे.

निकाल नेमका काय आहे?

1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निकाल दिला. न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सांगितले, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांना टीईटी आवश्यक आहे. शिक्षण हक्क कायदा लागू होण्याआधी नोकरीला लागलेल्यांनाही ती आवश्यक आहे. निकालाच्या दिवशी ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे उरली होती, त्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हायची. नाही झाले तर नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती येईल. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी उरली होती, ते टीईटीविना निवृत्तीपर्यंत राहू शकतात, पण पदोन्नती मिळणार नाही.

म्हणजे ऑगस्ट 2027 अखेरपर्यंतचा वेळ आहे. वीस-बावीस वर्षे शिकवलेला, चाळिशी ओलांडलेला शिक्षक पुन्हा परीक्षार्थी झाला आहे.

उर्दू शाळा म्हणजे अल्पसंख्याक शाळा नव्हे

आता गैरसमजाचे बोलू. याच निकालात न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. 2014 च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले होते. ते बरोबर होते का, याचा फेरविचार आता मोठे पीठ करील. तो होईपर्यंत अल्पसंख्याकांनी स्थापन केलेल्या आणि चालवलेल्या शाळा या सक्तीच्या बाहेर आहेत.

ही बातमी आपल्याकडे तोंडातोंडी आली ती अशी: "उर्दूवाल्यांना टीईटी नाही." हे चूक आहे. शाळेचे माध्यम उर्दू असले, शिक्षक मुस्लिम असले, सगळी मुले मोहल्ल्यातली असली, तरी शाळा जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची असेल तर ती अल्पसंख्याक संस्था ठरत नाही. संविधानाच्या कलम 30 चे संरक्षण आहे ते समाजाने स्वतः स्थापन करून चालवलेल्या संस्थेला. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा ही सरकारी शाळा आहे. तिथल्या भाईंना आणि बाजींना मुदत तितकीच लागू आहे, जितकी शेजारच्या मराठी किंवा कन्नड शाळेतल्या गुरुजींना.

अल्पसंख्याक संस्थांतल्या शिक्षकांनीही निर्धास्त राहू नये. मोठ्या पीठाचा निकाल कोणत्या बाजूने जाईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. टीईटीचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. मग ते हातात असलेले बरे.

वर्गाबाहेरचे काम मोजतो कोण?

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते, की शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येणार नाही. अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. कायद्यात दार अर्धेच उघडे ठेवले आहे, पण त्यातून आत येणारी कामे काही कमी नाहीत. मतदार यादीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितले आहे, की ते सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे. प्रत्यक्षात बीएलओ असलेल्या शिक्षकाचा फोन भूगोलाच्या तासालाही वाजतो.

यंदाची जनगणना देशात पहिल्यांदाच मोबाइल अॅपवर होत आहे. घरांची नोंद एप्रिल ते सप्टेंबर 2026 मध्ये, प्रत्येक राज्याने ठरवलेल्या 30 दिवसांत होईल. माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आहे. 1931 नंतर पहिल्यांदाच सगळ्या जातींची नोंद होणार आहे. आपल्या समाजातील बागवान, अत्तार, मोमीन, मणियार या जमातींसाठी ती किती महत्त्वाची आहे, हे सांगायला नको. हे काम नीट व्हावे असे आम्हालाही वाटते, आणि शिक्षक ते नीट करतात.

जतसारख्या भागात तर ते शिक्षकाशिवाय होणेच कठीण. एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, तिसरीत दखनी. कोणते कुटुंब ऊसतोडीला गेले, कोणते परत आले, हे शाळेच्या हजेरीवरून शिक्षकालाच ठाऊक असते. तिन्ही भाषांत बोलणे, कागद वाचून दाखवणे, संशयाने बघणाऱ्या म्हातारीला पटवणे हे कसब कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

पण हे कसब शिक्षकाच्या प्रगतीत कुठे धरले जाते? बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी, दोन्हींसाठी सेवा आणि ठरलेले प्रशिक्षण लागते. केंद्रप्रमुखपदासाठी परीक्षा किंवा ज्येष्ठता. आता सगळ्यांच्या वर टीईटी. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते आणि बढती केवळ ज्येष्ठतेवर नको असेही म्हणते. बाहेरचे काम मात्र 'कर्तव्य' म्हणून घेतले जाते, 'अनुभव' म्हणून लिहिले जात नाही.

परितेवाडीची आठवण

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी पुस्तके त्यांच्या भाषेत आणली आणि त्यांना क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण 2022 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या रजेवरून वाद उभा राहिला आणि शेवटी शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावे लागले. त्या वादात कोण किती बरोबर होते, यात आम्ही जात नाही. शिक्षकाने वर्गाबाहेर जाऊन काही मिळवले तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे, हे आपल्या व्यवस्थेला अजून उमगलेले नाही, एवढेच यातून दिसते. इतक्या नावाजलेल्या शिक्षकाची ही गत, तर उमदी-संखकडच्या बाजींचे काय?

आता काय करायचे?

शासनाकडे मागण्या तीन. मुदत संपेपर्यंत टीईटी वारंवार घ्यावी आणि तिच्या आधीचे किमान पंधरा दिवस परीक्षार्थी शिक्षकाला बाहेरची ड्यूटी देऊ नये. जनगणना, निवडणूक, आपत्तीतले काम सेवापुस्तकात नोंदवावे आणि पदोन्नतीच्या वेळी ते विचारात घ्यावे. आणि उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना तयारीचे साहित्य उर्दूतही मिळावे.

पण मागण्या मान्य होईपर्यंत बसून राहणे परवडणारे नाही. पेपर 150 गुणांचा आहे. खुल्या प्रवर्गाला 60 टक्के म्हणजे 90 गुण, मागासवर्गीयांना 55 टक्के लागतात. आपल्यातल्या ओबीसी जमातींच्या शिक्षकांनी जातीची कागदपत्रे आजच काढून बघावीत. गणित आणि परिसर अभ्यास जमणाऱ्याने इतरांना शिकवावे, भाषा जमणाऱ्याने भाषा. गावोगावच्या अंजुमननी आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली आणि दिवा दिला तरी पुष्कळ. मुलांच्या स्पर्धा परीक्षांसाठी आपण वर्ग चालवतो, तसेच शिक्षकांसाठीही चालवू या. लहान लेकरे असलेल्या बाजींना तिथे येता यावे, याची जबाबदारी घरातल्या पुरुषांनी घ्यावी.

एका उर्दू शाळेत बहुधा दोनच शिक्षक असतात. त्यातला एक गेला तर तिथे नवा उर्दू शिक्षक येईपर्यंत किती वर्षे जातात, हे जतच्या पालकांना वेगळे सांगायला नको. शिक्षकाची नोकरी जाणे ही त्याच्या घरची अडचण आहेच, पण मोहल्ल्यातल्या चौथीच्या वर्गाचीही आहे. ऑगस्ट 2027 लांब नाही. फॉर्म भरा, पुस्तक उघडा. बाकी अल्लाह मालिक आहे.