गडग्यावरचे गौरीचे हात

आमच्या परसामागच्या गडग्यावर यंदा कळलावी फुलली नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर जांभ्याच्या फटींतून तिचे कोंब नेहमीसारखे वर आले होते. आषाढात शेजारच्या कलमांखाली तणनाशक मारलं, तेव्हा पंप गडग्यावरूनही फिरला. आठवड्याभरात सगळी वई तांबूस होऊन मान टाकून बसली.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. कळी खाली मान घालून लोंबते. उमलताना तिच्या सहाही पाकळ्या उलट्या वळून वर उभ्या राहतात, आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. तमिळ संगमकाव्यातही या फुलाला स्त्रीच्या बोटांची उपमा दिलेली आहे. दोन टोकांच्या माणसांना एकाच फुलात हातच दिसले, याचं मला फार अप्रूप वाटतं. तमिळनाडूनं तर तिला राज्यफुलाचा मान दिला आहे.

केसर पाकळ्यांपासून दूर, चहूबाजूंना ताणलेले असतात. कुक्षीवृंत तर तळाशीच काटकोनात मोडून बाजूला जातो. मध घ्यायला आलेल्या मोठ्या फुलपाखराच्या फडफडत्या पंखांना पराग लागतो आणि तो पंखांवरूनच पुढच्या फुलाला पोहोचतो. पानांची टोकं लांबून गुंडाळतात आणि मिळेल त्या काटकीला धरतात. म्हणून तिला वई हवी, झुडूप हवं. तारेच्या मोकळ्या कुंपणावर तिचा जीव रमत नाही.

ती विषारी आहे, हे खरंच. कंदातलं कोल्चिसिन माणसाचा जीव घेऊ शकतं. फूल हाताळलं की आजी आम्हाला हात धुवायला लावायची. बाळंतपणात कळा आणायला हा कंद वापरत, त्यावरून ‘कळलावी’ हे नाव पडलं असं सांगतात. घरात आणली तर भांडणं लागतात हा समजही त्याच नावाला चिकटला. पण तेच कोल्चिसिन मोजून दिलं तर गाऊटवर औषध आहे, आणि बिनबियांच्या कलिंगडाची जात तयार करतानाही ते लागतं. विषारी म्हणून तिला जाळून टाका, हे मला पटत नाही. मुलांना ओळख करून द्या, कंदाला हात लावू नका म्हणून बजावा.

कारण तिचं सगळं आयुष्य त्या कंदात आहे. नांगरासारखा दुबेळक्याचा तो कंद (संस्कृतात ती ‘लांगली’) दर पावसाळ्यात झिजून संपतो आणि त्याच काळात पानं शेजारी नवा भरत असतात. कोंब फुटतो तो फक्त टोकातून. टोक मोडलं की ती बाजू गेली. पानांवर पडलेलं तणनाशक मात्र थेट तिथवर उतरतं. बी रुजून पुन्हा फूल यायला कित्येक वर्षं जातात.

कलमांखालचं तण मारू नका, असं मी म्हणत नाही. मजुरी मलाही परवडत नाही. गडग्यापासून दोन हात अलीकडे पंप बंद करा, एवढंच मागणं आहे. तिथलं गवत कोयत्यानं निघतं.

यंदा गौरीचे हात आणायला मी पलीकडच्या वाडीत गेलो. पाच फुलं देठापासून खुडली, पानांसकट वेल तसाच ठेवला.