निधान, प्रोफेसर, निधान!

ताईला सुरतेला दिल्याला बावीस वर्षं झाली, पण संक्रांतीला तिच्याकडे जाण्याचा योग काही येत नव्हता. यंदा आईनेच हट्ट धरला. तिच्या पिशवीत कुसुरेळ्ळू, माझ्या पिशवीत बेळगावचा कुंदा, आणि आम्ही मायलेक निघालो. पोहोचलो ते सणाच्या आदल्या दिवशी. तिकडे संक्रांतीला उत्तरायण म्हणतात आणि एका दिवसात तिचं समाधान होत नाही. 14 जानेवारीला उत्तरायण आणि 15 ला ‘वासी उत्तरायण’, म्हणजे शिळी संक्रांत. दोन्ही दिवस सगळं शहर गच्चीवर. पतंग, उंधियू, जिलेबी आणि ज्वारीचा पोंक. पोंक हातात घेताच आई ओरडली, “अय्य, इदु नम्म सीतनी!” हुरडा आपल्याच रानात पिकतो अशी तिची आजवर ठाम समजूत होती.

पण ताईच्या घरात सणाचा उत्साह बेताचाच होता. त्याचं कारण तिच्या सोसायटीच्या आवारात होतं. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद, निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव. माझी भाची त्यात मासोळीसारखी असायची. गेल्या वर्षी उत्तरायणानंतर तिसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखी उडी मारली. तळाशी मांजा पडलेला होता. तो घोट्याभोवती गुंडाळला गेला आणि ती पाय मारत गेली तसा आवळत गेला. पाच टाके पडले. जखम महिन्याभरात भरली, पण पोरीने वर्षभर पाण्यात पाय घातला नाही.

सुरतेचा मांजा प्रसिद्ध. दोऱ्याला काचेची पूड आणि रंग लावून तो रस्त्याच्या कडेला मोठाल्या चक्रांवर गुंडाळताना सणाआधी कुठेही दिसतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो चोरून येतोच. एक कटलेली पतंग आवारात पडली की तिच्यामागे वीस-तीस हात दोरा येतो. सुरुवातीला तो पाण्यावर तरंगतो. भिजला की खाली जातो, आणि मग डोळ्यांना दिसत नाही.

यंदा सोसायटीच्या बैठकीत ठरावच आला होता, की तलाव कायमचा बंद करून त्यावर फरशी घालावी, गाड्या लावायला जागा होईल. दाजी एकटे उभे राहिले. म्हणाले, “या उत्तरायणाची जबाबदारी माझी. दोन दिवसांनंतर तलावात एक दोरा सापडला तर फरशी मीच घालून देईन.” घरी येऊन ताईने त्यांना काय ऐकवलं असेल ते वाचकांनी आपापल्या घरावरून ओळखावं.

तर मंडळी, आमच्या पाहुणचाराचा पहिला कार्यक्रम म्हणजे जाळीची खरेदी. तलावावरचा कचरा काढायची जाळी म्हणजे लांब दांड्याला लावलेली चौकट आणि तिच्यावर ताणलेलं जाळीदार कापड. मला वाटलं दोन मिनिटांचं काम. पण दाजी कापड बाजारातले. त्यांनी खिशातून धागे मोजायचं लहानसं भिंग काढलं आणि दुकानदाराच्या तोंडावर जाळीची वीण तपासायला बसले.

जाळ्या दोन जातीच्या निघाल्या. एक चपटी, ताटासारखी. वरवर तरंगणारी पानं, किडे, पतंगाचे कागद काढायला ही हलकी आणि बरी, पण तिच्यात माल मावत नाही, आणि उचलताना जरा कलली की काढलेलं परत पाण्यात. दुसरी पिशवीसारखी खोल. ती जड, पाण्यात ओढायला ताकद लागते, पण पुष्कळ पोटात घेते आणि तळावरून फिरवता येते. आमचं भय तळाशी होतं, म्हणून पिशवीची घेतली. चपटी सोसायटीत होतीच, तिच्या मानेजवळचं प्लास्टिक तडकलेलं. दाजी म्हणाले, “जाळी नेहमी मानेत मोडते, कापड नंतर फाटतं. आधी मान बघायची.” म्हणून चौकट अॅल्युमिनियमची घेतली, पुढच्या काठाला प्लास्टिकची पट्टी असलेली, म्हणजे फरशीला ओरखडे पडत नाहीत.

विणीचं गणितही त्यांनीच समजावलं. भोकं मोठी असली तर जाळी पाण्यातून सळसळ जाते, पण दोराही निसटतो. फार बारीक असली तर धूळसुद्धा धरते, मात्र पाणी अडून दांडा वाकतो. मधली निवडली. आणि धागा पॉलिएस्टरचा, कारण ऊन आणि क्लोरीन नायलॉनला लवकर खातात. सुरतेच्या माणसाला हे सांगायला भिंग लागत नसावं, पण त्यांनी ते लावलं. दांडा एकात एक सरकणारा, पूर्ण ओढल्यावर साडेचार मीटरचा. सहा मीटर रुंदीच्या तलावाला तो पुरतो, कारण दोन्ही काठांवरून मध्यापर्यंत पोहोचलं की झालं.

14 तारखेला सकाळी सहालाच आम्ही तलावावर. इकडे गच्च्यांवर अजून चहा चालला होता. मी पुढे होऊन जाळी हातात घेतली आणि अंगण झाडावं तशी सपासप फिरवली. पानं जाळीत यायच्या ऐवजी लाटेबरोबर पुढे पळाली. पुन्हा फिरवली, पुन्हा पळाली. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून आई बसली होती. तिथून आवाज आला, “निधान माडप्पा, निधान!”

आमच्या घरात हा शब्द नेहमी घोटाळा करतो. मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. आईच्या कानडीत निधान म्हणजे सावकाश. लहानपणी ती मला जेवताना ‘निधान’ म्हणायची आणि मला वाटायचं, ताटात काहीतरी पुरलेलं आहे. तिच्या माहेरी, गोकाककडे, मळ्यात विहीर होती. पोरं पोहायला उतरायच्या आधी तिचे वडील आंबे उतरवायच्या झेल्याला जुनं फडकं बांधून कडुनिंबाचा पाला काढायचे. “काठी पाण्याला कळू द्यायची नाही,” असं ते म्हणत म्हणे.

तोवर तलावाची देखभाल करणारे भाऊ आले. नंदुरबारकडचे. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी माणसं हजारोंनी राहतात, त्यांतलेच एक. अहिराणी वळणाच्या मराठीत त्यांनी आईचंच म्हणणं नीट करून सांगितलं. वारा ज्या टोकाकडे वाहतो तिथे कचरा आपोआप गोळा होतो, सुरुवात तिथून करायची. जाळीचं तोंड पुढे, पुढचा काठ बोटभर पाण्याखाली, आणि नांगराचं तास धरावं तसं सरळ एका रेषेत यायचं. दुसरं तास पहिल्यावर थोडं चढवायचं. उचलताना मनगट वळवून जाळी पालथी होऊ द्यायची नाही. भरलेली जाळी दांड्याच्या टोकाला धरून उचलायची नाही, काठाकडे ओढत आणून जवळून उचलायची. आणि कचरा बादलीत. काठावर झटकला तर वारा अर्ध्या तासात परत आणतो.

मी विचारलं, यंत्र आहे ना पाणी गाळायला? ते हसले. यंत्र पाणी ओढून घेतं, पण पान आधी जाळीने काढलं नाही तर तेच पान जाऊन टोपलीचं तोंड बंद करतं. तळाशी गेलं तर कुजतं आणि क्लोरीन खातं. मग पाणी निळं दिसत असतं आणि त्यात जंतू मारायला काही उरलेलं नसतं. तलावाजवळ नाकाला झोंबणारा जो वास येतो तो क्लोरीन जास्त झाल्याचा असं आपण समजतो. पुष्कळदा तो घाम आणि मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाल्याचा असतो. हे मला आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, की मीच विचारलं नव्हतं, कोण जाणे.

जाता जाता कानडी-मराठीची आणखी एक गंमत. आई बादलीकडे बोट दाखवून ‘कस, कस’ म्हणत होती. भाऊंना कळेना. कानडीत कस म्हणजे केर, आणि मराठीत आमचा कस लागला होता!

दोन दिवस दर दोन तासांनी फेरी. वरून चपटी, तळावरून खोल. मांजा आला की हाताने ओढायचा नाही, जाळीसकट बाहेर घ्यायचा, जाड हातमोजे घालून कात्रीने तुकडे करायचे आणि पिशवीत बांधायचे, नाहीतर तो पक्ष्यांच्या पायात जातो. पहिल्या दिवशी एकवीस दोरे, दुसऱ्या दिवशी चौतीस. भाची गॅलरीतून मोजत होती, खाली येत नव्हती.

संध्याकाळी दाजी दमून बसले तेव्हा मी म्हटलं, एवढा हट्ट कशासाठी? ते म्हणाले, “प्रोफेसर, 1994 च्या सप्टेंबरात मी कॉलेजात होतो. प्लेग म्हणून लाखो माणसं स्टेशनकडे पळाली, आम्हीही पळालो. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि रोज सकाळी अधिकाऱ्यांना गल्लीत उतरवलं. ह्याच शहराचा 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला नंबर आला. तेव्हा शहर बंद करा असं कुणी म्हणालं नाही.” ताई आतून म्हणाली, “हो, पण घरातला माळा अजून तसाच आहे.”

खरा धसका बसला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. मी जाळी काठावर टेकवून पाणी प्यायला गेलो. परत येतो तर सोसायटीतला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा दांडा पुरता लांब करून कुंपणाच्या भिंतीवर चढलेला, आणि पलीकडच्या विजेच्या तारेवर अडकलेली पतंग काढायला तो उंच करत होता. साडेचार मीटरचं ओलं अॅल्युमिनियम. तार आणि जाळी यांत हातभर अंतर असेल. माझ्या तोंडून शब्द फुटेना. भाऊंनी धावत जाऊन त्याला कमरेला धरून मागे ओढला. दांडा खणखणत खाली पडला. मुलाला काय झालं तेच कळलं नाही, तो पतंगीसाठी रडत होता. त्याच्या आईला सांगताना माझे हात थरथरत होते. दांडा काठावर ठेवून जाणारा मीच होतो.

त्या संध्याकाळपासून दांडा काम झालं की आखडून पंपाच्या खोलीत, कुलपात. किल्ली दाजींच्या गळ्यात. जाळी मात्र साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घातलेली असते.

तिसऱ्या दिवशी समितीची माणसं बघायला आली. आम्ही खोल जाळी तळावरून तीनदा फिरवली. दोन सुकी पानं आणि एक जिलेबीचा कागद निघाला. तेवढ्यात भाची खाली आली, आज्जीच्या खुर्चीजवळ चपला काढल्या आणि दाजींच्या हातातलं भिंग मागून घेतलं. जाळीच्या चारही कोपऱ्यांत ते लावून पाहिलं. मग कठडा धरून शिडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत उतरली. आई हळूच म्हणाली, “निधान.” पोरगी म्हणाली, “हो अज्जी, कळलं,” आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला.