राष्ट्रपतीला काढतां येतें. सरपंचाला कोण काढणार?



सभेंत बोलणाऱ्या शहाण्या मंडळींचें एक ठरलेलें वाक्य असतें : आपल्या देशांत राष्ट्रपतीलाही खुर्चीवरून उतरवितां येतें, मग इतरांची काय कथा! यावर टाळ्या पडतात. टाळ्या वाजविणारा घरीं येतो तों नळाला पाणी नसतें, गटार कागदावर बांधलेलें असतें आणि पंचायतीचें दप्तर कुलपांत असतें. म्हणून आम्ही विचारतों, हें महाभियोगाचें हत्यार कोणीं घडविलें, कशासाठीं घडविलें, आणि आज त्याची मूठ कोणाच्या हातांत आहे?

घडविलें विलायतेंत. राजाचा अंमलदार माजला तर त्याला राजाच्याच कोर्टांत कोण खेचणार? म्हणून १३७६ सालीं तेथील पार्लमेंटानें राजाच्या जवळच्या माणसांवर आपण होऊन फिर्याद केली. खालच्या सभेनें आरोप ठेवायचा, वरच्या सभेनें निवाडा करायचा, अशी रीत पडली. पुढें हेंच हत्यार वॉरन हेस्टिंग्जवर उगारलें गेलें. हा कंपनी सरकारचा बंगालचा गव्हर्नर जनरल. मराठ्यांशीं १७८२ चा सालबाईचा तह याच्याच अमदानींतला. अयोध्येच्या बेगमांचा पैसा लुबाडला, जुलूम केला, असे आरोप बर्क साहेबानें मोठ्या गर्जनेनें मांडले. १७८८ त खटला सुरू झाला, १७९५ त हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, आणि कंपनीनें त्याला वर पेन्शनही दिली. सात वर्षें लंडनच्या बड्या लोकांनीं तमाशा पाहिला. ज्या रयतेच्या घरावर नांगर फिरला ती सातासमुद्रापलीकडे; तिला त्या कोर्टांत बसायला जागा नव्हती. हें ध्यानांत ठेवा, पुढें कामास येईल.

अमेरिकेची राज्यघटना १७८७ त लिहिली गेली तेव्हां या हेस्टिंग्जची चर्चा त्या लोकांच्या कानांवर होतीच. त्यांनीं अध्यक्षाला काढण्याचीं कारणें लिहून ठेवलीं : देशद्रोह, लांचखोरी व तशाच तोलाचे इतर अपराध. आणि शिक्षा केवळ पद जाण्याची व पुन्हां पद न मिळण्याची. तुरुंगाचें काम कोर्टाचें. यांतली मेख आपल्या खानदेशांतल्या शेतकऱ्यास समजावून सांगायला नको. सालदार आपण आखाजीला ठेवतों. मधल्या काळांत त्यानें कापूस चोरून विकला तर आपण पुढची आखाजी येईपर्यंत वाट पाहतों काय? तसेंच, शेजाऱ्याला तो आवडत नाहीं म्हणून भर हंगामांत आपण त्याला हांकलतों काय? महाभियोग या दोहोंच्या मधला आहे. मुदत संपेपर्यंत नुकसान सोसवत नाहीं, आणि नुसत्या रागावर माणूस काढणें हा अन्याय. म्हणून आरोप ठेवा, चौकशी करा, मग काढा.

आतां या हत्याराची धार पाहा. अमेरिकेंत १८६८ त अँड्र्यू जॉन्सन एका मतानें वांचला. निक्सननें १९७४ त मत पडण्यापूर्वींच राजीनामा दिला. क्लिंटन १९९९ त सुटला. ट्रम्पवर दोनदां आरोप झाला. दुसऱ्या वेळीं, २०२१ त, ५७ मतें विरुद्ध पडलीं, पाहिजे होतीं ६७. अध्यक्षाचा स्वतःचा पक्ष त्याच्या मागें उभा राहिला कीं पुरावा काय करणार? आजपर्यंत तेथें एकही अध्यक्ष या मार्गानें काढला गेलेला नाहीं.

आपल्या घटनेचें ६१ वें कलम तर देव्हाऱ्यांतल्या तलवारीसारखें आहे. चौदा दिवसांची नोटीस, एका सभागृहाच्या चौथाई सभासदांच्या सह्या, मग तेथें एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांशांचा ठराव, दुसऱ्या सभागृहांत चौकशी आणि पुन्हां तितकींच मतें. एकदांही वापरलें गेलेलें नाहीं. आपल्या बोदवड तालुक्यांतल्या नाडगांवीं जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ राष्ट्रपति होत्या, याचा खानदेशाला अभिमान आहे. पण राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालावें लागतें. ज्याच्या हातीं तिजोरीची किल्ली नाहीं त्याला काढण्याचा कायदा इतका बारकाईनें लिहिला. किल्ली ज्यांच्या हातीं आहे त्यांचें काय?

न्यायाधीशाची गोष्टही ऐका. सरकारी पैशाची उधळपट्टी केल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ति रामस्वामी यांच्यावर १९९३ त लोकसभेंत ठराव आला. बाजूनें १९६ मतें, विरुद्ध एकही नाहीं, आणि २०५ सभासद मतदानालाच राहिले नाहींत. ठराव पडला. तोंडानें कोणी ‘निर्दोष’ म्हणालें नाहीं; नुसते हात बांधून बसले.

कोणी म्हणेल, कोर्ट आहे ना! आहे. जळगांवच्या घरकुलाचें प्रकरण घरोघर ठाऊक आहे. गरिबांच्या घरांची योजना नगरपालिकेच्या काळांतली, १९९० नंतरची. फिर्याद झाली २००६ त. धुळ्याच्या विशेष न्यायालयानें दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना शिक्षा ठोठावली ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं. त्यावर उच्च न्यायालयांत अपिलें झालीं. न्याय जो होईल तो होवो. पण फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षें गेलीं. त्या घराची वाट पाहणाऱ्याचा मुलगा तोंवर बाप झाला. कोर्ट शिक्षा देतें, तें कारभार थांबवीत नाहीं. कारभार थांबविण्याचें हत्यार निराळें पाहिजे.

तें गांवांत आहे काय? आहे, पण दोन तुकड्यांत मोडलेलें आहे. ग्रामपंचायत कायद्याच्या ३५ व्या कलमांत अविश्वास आहे. त्यांत आरोप शाबीत व्हावा लागत नाहीं, डोकीं मोजायचीं. ३९ व्या कलमांत गैरवर्तनाचा आरोप आहे, चौकशी आहे. पण निकाल विभागीय आयुक्ताचा, म्हणजे जळगांव-धुळ्याच्या माणसाला नाशिकचा, आणि त्यावर अपील मुंबईच्या मंत्र्याकडे. पहिल्यांत गांव आहे, पुरावा नाहीं. दुसऱ्यांत पुरावा आहे, गांव नाहीं. हेस्टिंग्जच्या खटल्यांतल्या रयतेची आठवण येथें करा.

पूर्वीं सदस्यच सरपंच निवडीत आणि सदस्यच पाडीत. सदस्यांना गाडींत घालून सहलीला न्यायचें आणि मतदानाच्या दिवशीं आणायचें, हा धंदा कोणत्या तालुक्याला नवा आहे? राखीव जागेवर निवडून आलेली बाई वा मागास समाजाचा माणूस आपल्या डोक्यानें चालूं लागला कीं पॅनेलच्या पुढाऱ्याला एकाएकीं ‘विश्वास’ उरत नसे. महिलेकरितां राखीव पदावरच्या बाईला पाडण्यास तीन-चतुर्थांश मतें लागतील असें कायद्याला म्हणावें लागलें, तें उगीच नव्हे.

मग २०१७ त सरपंच थेट जनतेनें निवडायचा कायदा आला, २०२० त गेला, २०२२ त पुन्हां आला. सरकार बदललें कीं सरपंचाची जात बदलते! या कायद्यानें पहिलीं दोन वर्षें व शेवटचे सहा महिने अविश्वास आणतां येत नाहीं. पुढें तीन-चतुर्थांश सदस्यांनीं ठराव करावा आणि मग ग्रामसभेनें गुप्त मतदानानें तो कायम करावा. ग्रामसभेला विचारलें हें चांगलें केलें. आम्ही त्याची निंदा करणार नाहीं. पण नीट वाचा. गांवाला मधें बोलावलेंच जात नाहीं, शेवटीं बोलावतात. सात मतांची पंचायत धरा. तीन-चतुर्थांश म्हणजे सहा. दोन मतें खिशांत घातलीं कीं सरपंच निर्धास्त. मग साऱ्या गांवानें ओरडून घसा कोरडा केला तरी ग्रामसभेपुढें प्रश्न यायचाच नाहीं. गांव सरपंचाला वांचवूं शकतें, काढूं शकत नाहीं. निवडतांना हजार मतें आमचीं, काढतांना दारावर पहारा दोघांचा!

सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशांत मतदारांनींच सह्या करून सरपंचाला परत बोलावण्याची कार्यवाही सुरू करण्याची तरतूद कायद्यांत आहे. तापीच्या या तीराचा शेतकरी कमी अकलेचा आहे काय?

‘ग्रामसभेच्या हातीं दिलें तर रोज भांडणें होतील’ असें पॅनेलवाले म्हणतील. होतील, म्हणूनच आम्ही नुसत्या सह्या पुरेशा मानीत नाहीं. आरोप लेखी पाहिजे, कोणतें काम, किती रुपये, कोणता ठराव हें त्यांत पाहिजे, आणि तो सरपंचाच्या समक्ष वाचला पाहिजे. बाई असो, मागास असो, तिला उत्तर देण्याचा पुरा वेळ मिळाला पाहिजे. ३९ व्या कलमाखालची चौकशी गांवच्या चावडींत, ठरलेल्या मुदतींत व्हावी, आणि तिचा अहवाल ग्रामसभेपुढें ठेवून मगच मत घ्यावें. जेथें आरोपच लिहितां येत नाहीं तेथें काढण्याची भाषा बोलूं नये. हें आमदारांनीं विधानसभेंत मागावें. मत मागायला पुढच्या वेळीं ते दारीं येतील तेव्हां त्यांना हेंच विचारा.

कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. २००५ च्या माहिती अधिकारानें पंचायतीचा जमाखर्च, कामांचीं मोजमापें व बिलें मागतां येतात. सुतार, लोहार, कुंभार, सालदार, ज्यांना लिहितां येतें त्यांनीं न येणाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत, आणि नक्कल हातीं आल्यावर येत्या ग्रामसभेंत ती मोठ्यानें वाचावी आणि ती इतिवृत्तांत नोंदविण्याचा आग्रह धरावा.