जुनीं कोठारें, नवा संसार

शेतीची तऱ्हा बदलली म्हणजे तिच्यासाठीं बांधलेल्या जुन्या इमारतींचें काय करावयाचें, हा प्रश्न इंग्लंडांतील खेड्यांना बरींच वर्षें पडला आहे. ऑक्सफर्डशायर परगण्यांत ग्रेट कॉक्सवेल येथें तेराव्या शतकाच्या अखेरीस मठवासी भिक्षूंनीं उभारलेलें, सुमारें 150 फूट लांबीचें धान्याचें कोठार आहे. तें नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन असल्यामुळें सुरक्षित राहिलें. परंतु प्रत्येक कोठाराला असा पालक कोठून मिळावा? आजचीं अवजड यंत्रें त्या जुन्या दारांतून आंत शिरत नाहींत; आणि ज्या छपराचा कोणास उपयोग नाहीं, तें शाकारणार कोण?

म्हणून नव्या उपयोगास परवानगी देणें हाच अशा वास्तु राखण्याचा खरा मार्ग होय, असें आम्हांस वाटतें. तेथील सरकारनें 2014 सालीं शेतावरील इमारतींचें राहत्या घरांत रूपांतर करण्याची वाट सोपी केली. 2024 पासून एका शेतवाडीवर अशीं दहांपर्यंत घरें करतां येतात. मात्र ऐतिहासिक म्हणून सरकारी यादींत नोंदलेल्या इमारतींना ही सवलत नाहीं. पत्र्याच्या गोठ्याला दार मोकळें आणि शतकांच्या कोठाराला अडसर, हें वरवर पाहतां उफराटें वाटेल. परंतु त्यांत तथ्य आहे. कोठाराचें सौंदर्य त्याच्या अखंड पोकळींत असतें. तींत मजले घातले, खोल्या पाडल्या, खिडक्या फोडल्या, कीं भिंती वांचतात आणि कोठार जातें.

यावरची तोड सफोक परगण्यांत सांपडते. स्नेप येथील, जवाला मोड आणून माल्ट तयार करण्याचा जुना कारखाना 1965 सालीं बंद पडला. संगीतकार बेंजामिन ब्रिटन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांतील मोठ्या इमारतीचें संगीतगृह केलें. 1967 सालीं राणी एलिझाबेथ यांच्या हस्तें तें उघडलें. 1969 सालीं तें आगींत जळालें, तरी पुढच्याच वर्षीं पुनः उभें राहिलें. ज्या वास्तूला विशाल पोकळी होती, तिला विशाल पोकळीचेंच काम मिळालें.

उरला प्रश्न शेतकऱ्याचा. नवे रहिवासी येतात आणि शेणाच्या वासाची, पहाटेच्या यंत्रांच्या घरघरीची तक्रार करूं लागतात. शेजाऱ्याची शेती अडवून कोठार वांचविणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय. मागाहून येणाऱ्यानेंच आपली सोय पाहावी, हें तत्त्व 2018 सालीं तेथील नियोजनधोरणांत आलें, तें योग्यच झालें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे गांवीं वडिलोपार्जित वाडे आहेत. सणावारापुरतें कुलूप निघतें, आणि सर्व भाऊबंदांची संमति मिळेपर्यंत आढें खचतें. येथें परवानगी सरकारच्या आधीं घरांतच अडते. चौक व ओसरी न मोडतां तेथें शाळा भरावी, वाचनालय चालावें, कीं पांथस्थांची सोय व्हावी, हें सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें. पण पुढच्या पावसाळ्यापूर्वीं ठरवावें.